बियाण्याला चाळीस प्रश्न, गाडीला एकही नाही



आज मिरचीवर लिहीत नाही. गाडीवर लिहितोय, आणि जरा कडू लिहितोय. ज्याला लागेल त्याने माफ करावं.

माझी थोरली बहीण जालना तालुक्यात दिलेली. तिची तीन एकर जमीन महामार्गात गेली. दाजी आता नाहीत. पैसे आले ते बहिणीच्या आणि भाच्याच्या खात्यावर. परवा भाच्याचा फोन आला, "मामा, सोमवारी बुकिंग करायचंय. तुम्ही चला, हार तुमच्याच हातानं घालायचाय."

म्हणलं, कोणती घेतोस?

"फॉर्च्युनर. टॉप मॉडेल, ऑटोमॅटिक, फोर बाय फोर."

फोर बाय फोर कशाला? "सगळे तेच घेतात." पेट्रोल का नाही? "डिझेलच असते ना मामा." व्याज किती टक्के? "ते शोरूममधला बँकवाला बघतो." विमा कुणाचा? "त्यातच येतो."

हाच भाचा मागच्या वर्षी कपाशीचं पाकीट घ्यायला दुकानात उभा होता तेव्हा त्याने लॉट नंबर पाहिला, उगवण टक्केवारी वाचली, मुदत तपासली, पक्की पावती मागितली, शेजारच्या दुकानात भाव विचारून आला. हजार रुपयांच्या आतल्या पाकिटाला एवढे प्रश्न, आणि पन्नास लाखांच्या गाडीला "सगळे तेच घेतात"? माझं भांडण या उत्तराशी आहे.

आधी एक गोष्ट साफ करतो. शेतकऱ्यानं मोठी गाडी घेऊच नये असं मी म्हणत नाही. शहरातले काही लोक शेतकऱ्याच्या दारात एसयूव्ही दिसली की लगेच म्हणतात, "बघा, आणि म्हणे कर्जमाफी पाहिजे." त्यांच्या सोसायटीत चार गाड्या उभ्या असल्या तर ती प्रगती, आणि आमच्या वाड्यापुढं एक उभी राहिली तर माज. ही भाषा मला मान्य नाही. आमच्या लेकरांनीही एसीत बसावं, म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेताना तिचं कंबरडं मोडू नये. घ्या ना. पण घेताना व्यापाऱ्यासारखी घ्या. आपण घेतो वरातीसारखी.

व्यापाऱ्यासारखी म्हणजे कशी, त्याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. ऑक्टोबर 2010. तेव्हाच्या औरंगाबादेत एका दिवसात 150 मर्सिडीज गाड्या घेतल्या गेल्या. सौदा जवळपास 65 कोटींचा. देशभर बातमी झाली. मराठवाडा श्रीमंत झाला म्हणून कौतुक झालं, दुष्काळी भागात हे काय म्हणून टीकाही झाली. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट दिसते. घेणारे बहुतेक उद्योजक, व्यावसायिक. ते एकेकटे शोरूममध्ये गेले नाहीत. गट केला, एकत्र मागणी नोंदवली, एकत्र घासाघीस केली. सरकारी बँकेकडून 7 टक्क्यांच्या आसपास कर्ज मिळवलं. त्याच काळात आपल्या भागात ट्रॅक्टरच्या कर्जाला 12 टक्क्यांच्या पुढे व्याज होतं, हे पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच लिहून ठेवलं आहे. अन्न पिकवणाऱ्या यंत्राला जास्त आणि मिरवायच्या गाडीला कमी.

बँकेवर चिडायचं तेवढं चिडा, पण त्या लोकांकडून शिका. ज्यांना गरज नव्हती ते गट करून गेले. आपण खत गटाने घेतो, ठिबक गटाने घेतो, शेतकरी कंपन्या काढतो, आणि गाडी घ्यायला मात्र नवी चप्पल घालून एकटे जातो.

आता गाडी निवडायची कशी ते बघू.

ट्रॅक्टर घेताना आपण विचारतो, पीटीओला एचपी किती, रोटाव्हेटर किती फुटाचा ओढेल, हायड्रॉलिक किती किलो उचलेल. म्हणजे आधी काम, मग यंत्र. गाडीलाही तेच लावा. फॉर्च्युनरचं 2.8 लिटर डिझेल इंजिन 204 पीएसचं आहे. टॉर्क मॅन्युअल गिअरला 420 न्यूटन मीटर, ऑटोमॅटिकला 500. ताकद भरपूर आहे, पण कामाची यादी कुठाय? मिरची पिकअपमध्ये जाते. चारा ट्रॉलीत येतो. गाडीचं काम काय, तर लग्नकार्य, दवाखाना, जालना-संभाजीनगरच्या चकरा, वर्षातून एकदा तिरुपती.

फोर बाय फोर: आपल्या काळ्या रानात पाऊस पडल्यावर टायरच्या खाचा चिखलानं भरतात. रस्त्याचं टायर असलं की चारही चाकं एकदम फिरतात आणि गाडी तिथंच राहते. मग ट्रॅक्टरच लावावा लागतो. डोंगर, वाळू, बर्फ असेल तर त्या पैशाला अर्थ आहे. पाणंद रस्त्यासाठी उंची आणि चांगलं टायर पुरतं.

डिझेल की पेट्रोल: 2020 पासूनच्या बीएस सहा डिझेल गाडीत धुराची काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग चालावी लागते. ज्याची गाडी घर ते शेत, शेत ते बाजारपट्टी एवढीच फिरते, त्याची जाळी तुंबते, दिवा लागतो, वर्कशॉपची चक्कर सुरू होते. महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर होत असेल तर डिझेल घ्या. पाचशे होत असेल तर दोन इंधनांच्या गाडीच्या किमतीतला फरक आणि कराचा फरक मांडून बघा.

वरचं मॉडेल: सनरूफ, मोठी चाकं, रंगीत दिवे यातला पैसा वाचवा. एअरबॅग, ईएससी, चांगले ब्रेक आणि टायर यातला वाचवू नका. समृद्धीवर ताशी 120 ची मुभा आहे, तिथं सनरूफ जीव वाचवत नाही. खालच्या मॉडेलमध्ये यातलं काय काय मिळतं ते लिहून घ्या. अनेकदा मधलं मॉडेल पुरतं. आणि नंबर! एक नंबरसाठी आरटीओत लाखांनी मोजावे लागतात. त्या पैशात विहिरीचं खोलीकरण होतं.

आता पैसा.

समजा शोरूमची किंमत 40 लाख. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा मोठ्या गाडीवर जीएसटी 40 टक्के आहे, आधी उपकर धरून 50 होता. म्हणजे 40 लाखातली गाडी साडेअठ्ठावीस लाखांची, बाकी जवळपास साडेअकरा लाख कर. त्यावर महाराष्ट्रात 20 लाखांच्या वरच्या डिझेल गाडीला 15 टक्के रोड टॅक्स, म्हणजे आणखी 6 लाख. पेट्रोलला 13 टक्के. विमा आणि बाकी किरकोळ धरून गाडी दारात येते 48 लाखाला. ट्रॅक्टरवरचा जीएसटी त्याच दिवशी 12 वरून 5 टक्के झाला, तेही लक्षात ठेवा.

पाच वर्षांनी काय उरतं? विमा कंपन्यांचा घसाऱ्याचा तक्ता बघा. पहिल्या वर्षाअखेर 15 टक्के, दुसऱ्या 20, तिसऱ्या 30, चौथ्या 40, पाचव्या 50. म्हणजे कागदावर 20 लाख. बाजारात एखाद्या गाडीला जास्त मिळेल, पण हिशेब कागदाचाच धरा. रोड टॅक्स तर कुणी परत देत नाही. 48 गेले, 20 उरले. 28 लाख भागिले 60 महिने, म्हणजे महिन्याला साडेशेहेचाळीस हजार. त्यात अजून डिझेल नाही, सर्व्हिस नाही, पुढच्या वर्षांचा विमा नाही.

तेच 48 लाख बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला 26 हजार येतात, आणि मुद्दल जागेवर.

"मग कर्ज काढतो," भाचा म्हणाला. काढ, पण कोणतं? मी स्वतः यात हात भाजून घेतलेत. जुन्या ट्रॅक्टरच्या वेळी एका फायनान्सवाल्यानं मला कमी व्याज सांगितलं आणि ते फ्लॅट निघालं. फ्लॅट म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवरच चालू. 20 लाखाला पाच वर्षं 6 टक्के फ्लॅट म्हणजे 6 लाख व्याज, हप्ता 43,333. ऐकायला 6, पण घटत्या शिलकीनं मोजलं तर ते जवळपास पावणेअकरा टक्के होतं. घटत्या शिलकीवर 9 टक्के सांगणारी बँक यापेक्षा स्वस्त, तिचा हप्ता साडेएकेचाळीस हजार. दहावी पास माणसालाही हे कळतं, पण त्यानं विचारलं तर. मी विचारलं नव्हतं.

दुसरं, ट्रॅक्टरचा हप्ता सहा महिन्याला किंवा हंगामाला बांधून मिळतो. गाडीचा हप्ता दर महिन्याला. आपली मिरची तीन-चार महिने पैसा देते, तोही भाव राहिला आणि कोकडा आला नाही तर. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात पंधरा दिवसांत भाव निम्म्यावर आलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. हप्त्याला ते माहीत नसतं. दोन हप्ते चुकले की सिबिल खराब, आणि मग वेळेवर फेडलं तर 4 टक्क्यांनी मिळणारं तीन लाखांपर्यंतचं पीककर्जही अडतं. गाडीसाठी बियाण्याचा पैसा अडकवायचा, ही कुठली शेती?

आता शोरूममध्ये काय करायचं ते. मोबाइलमध्ये जपून ठेवा.

1. तीन ठिकाणचे लेखी भाव घ्या, एकेक ओळ सुटी. हँडलिंग, डेपो असल्या नावाचं काही लावलं असेल तर कशाचं ते विचारा आणि काढायला लावा.

2. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे असा नियम नाही. बाहेरचा भाव आणा आणि समोर ठेवा.

3. व्याज घटत्या शिलकीवर किती, प्रक्रिया शुल्क किती, आधी फेडलं तर दंड किती, हे तिन्ही लेखी घ्या. कर्ज फिटल्यावर बँकेचं ना हरकत पत्र घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा. सातबारावरचा बोजा उतरवायला जेवढे हेलपाटे घालता, त्यातला एक इथंही घाला.

4. रोखीनं दोन लाख किंवा त्यावर कुणी घेऊ शकत नाही. सगळा व्यवहार बँकेतून करा.

5. 10 लाखांवरच्या गाडीला 1 टक्का टीसीएस कापतात. 40 लाखावर 40 हजार. हा पैसा तुमच्या पॅनवर जमा असतो. फक्त शेतीचं उत्पन्न असणारे आपण विवरणपत्र भरत नाही, म्हणून तो तसाच सोडतो. प्रमाणपत्र मागा, विवरणपत्र भरा, परत मिळवा.

6. "कंपनीच्या नावावर घ्या, घसारा मिळतो," असं कुणी सांगेल. शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही, तर घसारा कशातून वजा करणार? वर कंपनीच्या नावावरच्या गाडीला रोड टॅक्स 20 टक्के.

7. ताबा घेण्याआधी गाडी उन्हात बघा. चेसिस नंबर कागदाशी जुळवा, बनल्याचा महिना बघा. मागच्या वर्षीचा माल या वर्षीच्या भावानं घेऊ नका.

8. दोन-तीन वर्षांची जुनी गाडी बघायला लाजू नका. पहिला मोठा घसारा दुसऱ्यानं भरलेला असतो. सर्व्हिसची नोंद, विम्याचे क्लेम, बोजा, चलन तपासा. बैल घेताना दात बघतोच ना आपण?

आणि शेवटचं. गावातले, नात्यातले दोघं-चौघं एकाच महिन्यात गाडी घेणार असतील तर एकत्र जा. चार गाड्यांचं गिऱ्हाईक दारात आलं की मालक स्वतः केबिनच्या बाहेर येतो. 150 वाल्यांनी हेच केलं.

भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तुम्ही हिशेब बरोबर सांगता, पण गावात लोक विचारतात, पैसे आले तर दिसत का नाहीत?"

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं आणि खरं दुखणं हेच आहे. आपण लोकांच्या तोंडासाठी गाडी घेतो. पण मोबदला म्हणजे उत्पन्न नाही. ती जमीनच आहे, फक्त नोटा होऊन खात्यावर आलेली. दाजींनी त्या तीन एकरात तीस वर्षं काढली. ती जमीन एकदा रस्त्याखाली गेली. आता पाच वर्षांत तिचा उरलेला पैसा त्याच रस्त्यावर घासून संपवायचा का?

मी त्याला माझं मत दिलंय. आधी बहिणीच्या नावानं दुसरीकडं जमीन बघ, नाहीतर पैसा ठेव. उरलं त्यात वीस लाखांच्या आतली, मधल्या मॉडेलची, सहा एअरबॅगची गाडी घे. हार मी घालीन, पेढेही माझ्याकडून.

त्यानं अजून हो म्हणलं नाही. सोमवारी मी जातोय, पण हार न घेता. खिशात कागद आणि पेन असेल.

ज्यांनी मागच्या वर्ष-दोन वर्षात अशी गाडी घेतली असेल त्यांनी व्याज किती लागलं आणि शोरूममध्ये काय सोडवून घेतलं, ते खरं खरं लिहा. भाच्याला वाचून दाखवायचंय.