परिवीक्षा नको, उमेदवारी म्हणा

परवा भाची आली, शिक्षणसेवकाचा आदेश प्लास्टिकच्या फोल्डरात जपून धरलेला. म्हणाली, ‘मामा, म्हणजे प्रोबेशनच ना?’ तेच गं बाई. लॅटिन ‘प्रोबारे’, म्हणजे पारखणं, त्यातून आलेला हा शब्द. गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडायची सोय १९५८च्या कायद्यात आहे, तीही प्रोबेशनच. सरकारी कागदानं त्याची ‘परिवीक्षा’ केली, पण बीडमध्ये मी तो शब्द घरात बोलताना कुणाच्या तोंडी ऐकला नाही. आपल्याकडं मुळात फार सुंदर शब्द होता: उमेदवारी. फारसी ‘उमेद’ म्हणजे आशा. नोकरीच्या आशेनं कचेरीत बिनपगारी राबणारा तो उमेदवार. निवडणुकीनं त्याला पळवून नेलं. प्रोबेशन हा पारखणाऱ्याचा शब्द, उमेदवारी हा शिकणाऱ्याचा, म्हणून मला तोच हवा. २००० साली शिक्षणसेवक योजना आली तेव्हा प्राथमिकला महिना ३,००० रुपये मानधन होतं, २०२३पासून १६,००० आहे. मुदत मात्र तीच, तीन वर्षं. इतकी कशाला? दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला निघाले, की आमच्याकडं वर्गातले बाक रिकामे होऊ लागतात. दारोदार जाऊन, आजीला पटवून, एखाद्या पोराचं दप्तर गावातच ठेवून घेणारी बाई पहिल्याच हंगामात ओळखू येते. तिला दुसऱ्या वर्षापासून पूर्ण पगार मिळालाच पाहिजे.