मोबाइल गेला, टीव्ही आला. घास मात्र अजून पडद्यासमोरच!

"डॉक्टर, मोबाइल दाखवणं आम्ही पूर्ण बंद केलंय. आता टीव्हीला स्टिक लावलीय, त्यावरच बालगीतं लावतो. तेवढं चालेल ना?"

दीड-दोन वर्षांच्या मुलांचे आईबाबा हल्ली हा प्रश्न हमखास विचारतात. माझं उत्तर असतं, "निम्मं बरोबर केलंत, निम्मं राहिलं."

आधी बरोबर काय केलं ते सांगतो. मोबाइल मूल डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरतं. इतक्या जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून डोळ्यांच्या आतल्या स्नायूंना सतत ताण घ्यावा लागतो. टीव्ही दोन-तीन मीटरवर असला तर हा ताण बराच कमी होतो, मानही वाकत नाही. शिवाय मूल काय बघतंय ते घरातल्या सगळ्यांना दिसतं. म्हणून चार-पाच वर्षांच्या मुलाला काही दाखवायचंच असेल तर मोबाइलपेक्षा टीव्ही बरा, असं मीही सांगतो.

मग राहिलं काय? पडदा मोठा झाला, पण त्याला शेवट नाही.

१९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी एक भाग दाखवत. तो संपला की पुढच्या रविवारपर्यंत थांबावं लागे. स्टिकवरच्या यूट्यूबमध्ये एक गाणं संपलं की दुसरं आपोआप सुरू होतं. यालाच ऑटोप्ले म्हणतात. 'आता पुरे' असं स्वतःहून ठरवायची ताकद दोन वर्षांच्या मेंदूत नसते. ती आपल्यातही फारशी नसते! यूट्यूबने २०२१ साली मुलांसाठीच्या 'यूट्यूब किड्स'मध्ये ऑटोप्ले मुळातच बंद ठेवायचं ठरवलं. पण आपल्या हॉलमधला टीव्ही बहुतेक वेळा बाबांच्या खात्यावर चालतो, आणि तिथे तो चालूच असतो.

खरं नुकसान दोन ठिकाणी होतं.

पहिलं बोलण्यात. लहान मूल भाषा शिकतं ती देवाणघेवाणीतून. ते "बा" म्हणतं, आपण "बॉल हवा का?" विचारतो, ते हसतं, हात पुढे करतं. गाणं कितीही चांगलं असलं तरी ते मुलाला उत्तर देत नाही. टीव्ही चालू असला की घरातली मोठी माणसंही मुलाशी कमी बोलतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं आहे, की दोन वर्षांखालील मुलांना बसवून पडदा दाखवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी तर उत्तमच.

दुसरं जेवणात. पडद्याकडे बघणारं मूल तोंड उघडतं, पण खात नसतं. पोट भरलं हे त्याला कळत नाही, चावणं राहून जातं, कधी घास गालात साठतो. "टीव्हीसमोर वाटीभर तरी जातं" असं आया सांगतात. त्यांची ओढाताण मला कळते. दोघं नोकरीवर, घरी आजी थकलेली, आणि मूल ताट ढकलतंय. पण असं भरवलेल्या वाटीने मूल जेवायला शिकत नाही.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे: स्टिक घरात राहू द्या, जेवणातून काढा.

• टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ऑटोप्ले आजच बंद करा.
• दोन वर्षांपुढच्या मुलाला काय आणि किती दाखवायचं ते आधी ठरवा. शक्यतो शेजारी बसून बघा, त्याबद्दल बोला.
• रिमोट मोठ्यांच्या हाती असू द्या. जेवताना आपलाही टीव्ही आणि मोबाइल बंद.
• मूल तीन-चार दिवस रडेल, कमी खाईल. अर्ध्या तासाने ताट उचला, मागे धावू नका. एरवी निरोगी असलेल्या मुलाचं एखादं जेवण कमी झाल्याने बिघडत नाही. वजन वाढत नसेल तर मात्र दाखवायला आणा.
• रोज उजेडात, मोकळ्यावर खेळायला न्या. उन्हाच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांमध्ये लांबचं न दिसण्याचा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी आढळतं.

एक इशारा. दीड वर्षाचं मूल अर्थपूर्ण असा एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडत नसेल, किंवा हाक मारल्यावर बघत नसेल, तर "टीव्ही बंद केला की बोलेल" म्हणून थांबू नका. टीव्ही बंद कराच, पण ऐकण्याची आणि विकासाची तपासणीही करून घ्या. यात गेलेले महिने मोलाचे असतात.

आज रात्रीच्या जेवणाला टीव्ही बंद ठेवून बघा. पहिला दिवस कठीण जाईल. पण भात सांडत, बोट दाखवत मूल जे काही बोलेल, ते ऐकायला तुम्ही समोर असाल.