गावचे धान्य गावच्या रेशन दुकानात का नाही?

सरकारी भाषेत ज्वारी, बाजरी व नाचणी यांना 'भरड धान्य' म्हणतात. २०२३ हे त्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, त्याच वर्षी 'श्रीअन्न' असे नामकरण झाले आणि जी-२० च्या मेजवानीत ती परदेशी पाहुण्यांना वाढली गेली. मान मिळाला, पण देशातील बहुतेक रेशन दुकानांत ती पोचली नाहीत. तिथे पूर्वीप्रमाणेच गहू आणि तांदूळ. हा योगायोग नव्हे. ही प्रशासनाने केलेली निवड आहे, आणि ती चुकीची आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

कायदा आड येतो का? मुळीच नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर लिहिलेलेच होते. (जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे.) राज्यांनी आपल्या शेतकऱ्यांकडून धान्य घेऊन आपल्याच लोकांना वाटावे, अशी विकेंद्रित खरेदीची योजनाही १९९७-९८ पासून आहे.

मग अडते कुठे? अडते ते खरेदीत. सुगी संपल्यावर लहान शेतकरी थांबू शकत नाही. त्याला देणी द्यायची असतात. खरेदी केंद्र उशिरा उघडले की तोवर माल व्यापाऱ्याकडे गेलेला असतो. आणि ज्या गावातून ज्वारी बाहेर गेली, त्याच गावात शेकडो मैलांवरचा तांदूळ येतो. वाहतूक, हमाली, साठवण या सर्वांचा खर्च शासन सोसते, आणि या उलट्या प्रवासाला आपण कार्यक्षमता म्हणतो!

याचा ताटावर होणारा परिणाम पाहा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील मुलांमधील रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५८.६ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ६७.१ टक्के झाले. याचा सगळा दोष रेशनच्या तांदळाला देणे अन्यायाचे होईल. परंतु शासनाने शोधलेला उपाय विचार करण्यासारखा आहे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी पोषणयुक्त तांदळाची घोषणा झाली: कारखान्यात लोह, फॉलिक आम्ल व बी-१२ घालून केलेला एक दाणा शंभर साध्या दाण्यांत मिसळायचा. २०२४ मध्ये या योजनेला डिसेंबर २०२८ पर्यंत मुदतवाढ मिळाली. म्हणजे आधी ताटातील विविधता काढून घ्यायची, आणि मग तिची उणीव कारखान्यातून भरून काढायची. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात जेमतेम १०. त्या शंभराव्या दाण्यात कॅल्शियम नाहीच.

यावर ठरलेले आक्षेप येतात. पहिला, लोकांनाच तांदूळ हवा असतो. खरे आहे, पण पिढ्यानपिढ्या दुकानात एकच वस्तू ठेवल्यावर आवड तीच होणार. दुसरा, ही धान्ये टिकत नाहीत. यावर २०२१ च्या अखेरीस केंद्रानेच ज्वारीच्या वितरणाची मुदत ९ महिने व नाचणीची १० महिने केली. तिसरा, उत्पादनच पुरेसे नाही. खात्रीचा खरेदीदार नसेल तर शेतकऱ्याने पेरावे कशासाठी?

ओडिशाने याचे उत्तर कृतीने दिले. २०१७ मध्ये तेथे मिलेट मिशन सुरू झाले. आदिवासी विकास सहकारी महामंडळामार्फत हमीभावाने नाचणी घेतली गेली आणि ती रेशनवर आली. केओंझर जिल्ह्यात २०२० पासून अंगणवाडीच्या मुलांना नाचणीचे लाडू मिळू लागले. कर्नाटकाने दक्षिणेत नाचणी व उत्तरेत ज्वारी रेशनवर दिली. त्याच्याही कितीतरी आधी, १९९० च्या दशकात, तेलंगणातील झहीराबाद परिसरात दलित स्त्रियांच्या संघांनी डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या साहाय्याने पडीक जमिनी लागवडीखाली आणल्या, ज्वारी गावातच साठवली आणि गावातल्या गरिबांना स्वस्तात दिली. निरक्षर स्त्रियांना जे जमले ते सचिवालयाला जमू नये?

अंगणवाडीच्या आहाराची कथा अधिक बोलकी आहे. या आहारात ठेकेदार नकोत, गावसमूह व महिला मंडळे यांना काम द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी सांगितले. पुढे काय झाले? महाराष्ट्रात महिला संस्थांच्या नावाआड ठेकेदारच काम करत असल्याचे न्यायालयाच्या आयुक्तांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. २०१९ मध्ये न्यायालयाला तेथील निविदाच रद्द कराव्या लागल्या, कारण लहान बचत गट त्या अटींमुळे स्पर्धेबाहेर पडत होते. प्रशासनात राहून मी हे शिकलो की धोरण जाहीर करणाऱ्यापेक्षा निविदेच्या अटी लिहिणाऱ्याच्या हातात अधिक सत्ता असते. उलाढालीची एक अट घातली की गावातली चूल आपोआप अपात्र ठरते.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारे मराठी लोक हे सहज समजू शकतो. दिल्लीत ज्वारीच्या पिठासाठी आपण गव्हाच्या पिठापेक्षा जास्त पैसे मोजतो आणि आरोग्यासाठी मोजतो. जे पथ्य म्हणून आपण विकत घेतो, ते ज्याने पिकवले त्याच्या मुलांच्या ताटात का नसावे?

माझ्या मागण्या साध्या आहेत. रेशन, अंगणवाडी व शालेय पोषण आहार यांच्या धान्याचा ठरावीक हिस्सा जिल्ह्यातूनच घेण्याचे बंधन असावे. खरेदी केंद्रे कापणीपूर्वी उघडावीत. प्रत्येक तालुक्यात साठवण व सडण-दळणाची सोय असावी. लहान गटांसाठी उलाढालीची अट काढावी. आणि जिल्हाधिकाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनात किती क्विंटल धान्य वाटले एवढेच न विचारता, त्यातले किती जिल्ह्यात पिकले होते, हेही विचारावे. यातील एकाही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. लागतो तो शासननिर्णयाचा एक कागद, आणि त्यावर सही करणारा अधिकारी.