ज्येष्ठांची रेल्वे सवलत: आता आवाज उठवायलाच हवा

२० मार्च २०२० ला रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत थांबवली, तेव्हा कारण काळजीचं दिलं होतं. साथ पसरतेय, वृद्धांना धोका जास्त, त्यांनी विनाकारण प्रवास करू नये. तेव्हा ते पटलंही. साथ ओसरली, गाड्या पुन्हा खच्चून भरल्या. दिव्यांग, ठरावीक आजारांचे रुग्ण आणि विद्यार्थी यांच्या सवलती सुरूच राहिल्या. साठीपुढच्या पुरुषांची ४० टक्के आणि अठ्ठावन्नपुढच्या बायकांची ५० टक्के सूट मात्र परत आली नाही. काळजी संपली, भुर्दंड राहिला.

खर्च परवडत नाही, हे रेल्वेचं उत्तर. रेल्वेमंत्र्यांनी २०२४ मध्ये सांगितलं, प्रत्येक प्रवाशाला सरासरी ४६ टक्के सूट मिळतेच. पण ती पंचविशीतल्या नोकरदारालाही मिळते. महिन्याला ठरलेला पगार नसलेल्या माणसासाठी त्यावर जे वेगळं होतं, तेच काढून घेतलंय. २०१९-२० मध्ये या सवलतीवर सुमारे १,६६७ कोटी रुपये खर्च झाले होते. रक्कम लहान नाही, हे मान्य. पण काटकसर करायची वेळ आली की पहिली कात्री म्हाताऱ्यांवरच का चालते?

कारण घरोघरी ऐकू येणारं वाक्य मंत्रालयातही बोललं जातं: या वयात कुठं हिंडायचंय? लातूरची आजी गुडघा दाखवायला मुंबईला निघाली, तर तिची गणना हिंडणाऱ्यांत होते. (कॅन्सरच्या रुग्णाला सवलत आहे, झिजलेल्या गुडघ्याला नाही.) लेकीचं बाळंतपण, भावाचं दहावं, पंढरीची एकादशी, यांतलं काही तिच्यासाठी चैन नाही.

कायद्याचाही फारसा आधार नाही. राज्यघटनेच्या कलम १५ ने धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई केली, पण त्या यादीत वय नाही. कलम ४१ मध्ये वार्धक्यातल्या साहाय्याचा उल्लेख आहे, पण राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. त्यामुळे म्हाताऱ्यांचं देणं नेहमी तिजोरीच्या मर्जीवर. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा ऐंशीखालच्यांसाठीचा वाटा २००७ मध्ये महिना २०० रुपये होता, आजही २००च आहे. २००७ सालीच झालेल्या एका कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली. ते योग्यच, पण सरकारने स्वतःच्या वाट्याचं काय केलं?

करता येतं, हे आपल्या एसटीने दाखवलंय. ६५ पासून अर्धं तिकीट आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढे मोफत प्रवास. एसटी काही नफ्यात लोळत नव्हती. राज्याने ठरवलं आणि भार उचलला.

बंगल्यातल्या निवृत्त अधिकाऱ्याला सूट कशाला, हा आक्षेप मी धुडकावणार नाही. सवलत स्वेच्छेने सोडण्याची सोय रेल्वेने पूर्वी केलीच होती, ती पुन्हा सुरू करावी. शिवाय संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीने मधला मार्ग सुचवलाय: निदान स्लीपर आणि थ्री एसीसाठी सवलतीचा विचार करा. तेवढं तरी ताबडतोब व्हावं. वातानुकूलित पहिल्या वर्गाचं भांडण नंतर करू.

म्हणून विनंती. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी पुढच्या सभेत ठराव करून तो आपल्या खासदाराला हातोहात द्यावा आणि पोच घ्यावी. अधिवेशनात हा प्रश्न कधी विचारणार, हे त्यांच्याकडून लेखी मागावं. स्टेशनवर सह्या गोळा कराव्यात, आणि त्या फक्त पांढऱ्या केसांच्या नकोत. तिशी-चाळिशीतल्यांनो, आईबाबांचं तिकीट मोबाइलवर तुम्हीच काढता, फरक तुमच्याच खिशातून जातो. पुढचं तिकीट काढाल तेव्हा पाच मिनिटं जास्त द्या आणि खासदाराला एक पत्र टाका: स्लीपर आणि थ्री एसीची ज्येष्ठ सवलत कधी सुरू करणार, तारीख सांगा.