दस्तरखान : आले-संत्र्याचे शरबत



गेल्या महिन्यात आमचा भाचा पुण्याहून आला. कंपनीत नवीनच लागला आहे. जेवताना म्हणाला, "खाला, कंपनीच्या पार्टीत सगळ्यांच्या हातात व्हिस्की, आले आणि फळांच्या रसाचे ग्लास होते. मी पाण्याची बाटली घेऊन कोपऱ्यात उभा. एक जण म्हणाला, 'अरे, ज्यूसच आहे, थोडी घे.' मी घेतली नाही. पण तसं काही हलाल करता येईल का?"

आमच्या आपा, म्हणजे त्याची अम्मी, लगेच म्हणाल्या, "ज्या गावाला जायचं नाही, त्याचा रस्ता कशाला विचारायचा?"

आपांचे म्हणणे चुकीचे नव्हते. सूरह अल-माइदाच्या ९०व्या आयतीत दारूपासून दूर राहण्याचा हुकूम आहे. पण मुलगा कोपऱ्यात उभा राहिला, घरी येऊन मोकळेपणाने बोलला, हेही आम्हाला मोठे वाटले. त्याला गप्प बसवले असते, तर पुढच्या वेळी त्याने आम्हाला विचारले असते का?

हे पेय मूळ अमेरिकेतले. बर्बन व्हिस्की, जिंजर बिअर आणि लिंबू यांच्या मिश्रणाला तिकडे 'केंटकी म्यूल' म्हणतात. कोणी त्यात फळांचा रसही घालतात. बर्बन आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपांत मुरवतात. तिचा रंग, तुरटपणा आणि जळक्या साखरेसारखा वास त्या लाकडातून येतो. तुरटपणा आपल्या कोऱ्या चहातही आहे, तो वास करपवलेल्या साखरेत आहे आणि घशाला लागणारा झणका आल्यात आहे. मग दारूची गरजच काय?

साहित्य (६ ग्लास) : आले ५० ग्रॅम, काळी मिरी ५-६, साखर अर्धी वाटी, चहा पावडर २ चमचे, संत्र्याचा ताजा रस २ वाट्या, लिंबे २, चिमूटभर मीठ, साधा सोडा, बर्फ.

कृती : बिस्मिल्लाह म्हणून आले किसा. २ कप पाण्यात आले आणि ठेचलेली मिरी घालून १० मिनिटे मंद आचेवर उकळा व गाळा. दुसऱ्या जाड पातेल्यात साखर कोरडीच वितळवा. तपकिरी झाली की गॅस बंद करून आल्याचे गरम पाणी थोडे थोडे ओता. वाफ जोरात येते, मुलांना लांब ठेवा. एक कप उकळत्या पाण्यात चहा पावडर ४ मिनिटे झाकून ठेवा, मग गाळा. जास्त वेळ ठेवल्यास कडू होतो. सगळे एकत्र करून गार करा. संत्र्याचा व लिंबाचा रस आणि मीठ घाला. ग्लासात बर्फ टाकून पाऊण ग्लास हे मिश्रण भरा, वरून सोडा घाला.

दोन गोष्टी सांभाळा. काही जण घरच्या जिंजर बिअरसाठी यीस्ट घालून बाटली उबेला ठेवतात. त्यात अल्कोहोल तयार होते. आपले शरबत फ्रिजमध्ये ठेवा आणि २ दिवसांत संपवा. खजूर किंवा मनुका भिजवलेले पाणी नबी करीम (स.) तिसऱ्या दिवसापर्यंतच पीत, असे सहीह मुस्लिममध्ये आले आहे. दुसरे, हॉटेलात 'मॉकटेल' मागवताना त्यात बिटर्स घालतात का, हे विचारा. अंगोस्तुरा बिटर्समध्ये ४४.७ टक्के अल्कोहोल असते. थेंबच घालतात, पण आपल्याला थेंबही नको.

आपांनी एकच अट घातली : नाव व्हिस्कीचे नको आणि ग्लास आपले रोजचेच. आम्हाला ते पटले. मुलांनी 'अद्रक-संतरा शरबत' असे नाव दिले. आपांनी आधी घोटभर चाखले, मग ग्लास पुढे केला. भाचा कृती वहीत लिहून घेऊन गेला आहे. पुढच्या पार्टीला तो थर्मास भरून नेणार आहे, मित्रांसाठीही.

वस्सलाम.