हेराल्डची धाकटी बहीण

आमच्या लहानपणी रिसोडात एका डॉक्टरांकडे स्टँडर्ड हेराल्ड होती. ती गॅरेजला आली की आम्ही पोरं धावायचो. मिस्त्री दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या सोडायचे आणि दिवे, मडगार्डसकट गाडीचं अख्खं नाक पुढे कलंडायचं. मग पुढच्या चाकावर बूड टेकवून ते निवांत कार्ब्युरेटर साफ करत बसायचे.

तेच बॉनेट, तीच बैठक ट्रायम्फ स्पिटफायरमध्ये आहे, हे मला फार उशिरा कळलं. १९६२ साली इंग्लंडमध्ये हेराल्डची चेसिस आखूड करून ही दोन आसनी गाडी बनली. दोघींची रेखाटनं मिकेलोत्ती या एकाच इटालियन माणसाची.

तिची प्रतिस्पर्धी ऑस्टिन-हीली स्प्राइट, १९५८ची. हिचंही नातं आपल्याकडे पोचतं. स्टिअरिंग मॉरिस मायनरचं, आणि ती मायनर हिंदुस्थान मोटर्सने 'बेबी हिंदुस्थान' म्हणून इथे विकली. स्प्राइटचे दिवे खरं तर आडवे निजून लागेल तेव्हा उभे राहायचे होते. खर्च वाचवायला ते उभेच ठेवले, म्हणून तिचा चेहरा बेडकासारखा. दाराला बाहेरून मूठ नाही, डिकीला झाकण नाही. पिशवी सीटमागून आत सरकवायची. इंजिन ९४८ सीसीचं. स्पिटफायरचं ११४७, शिवाय वरखाली होणाऱ्या काचा आणि पुढे डिस्क ब्रेक.

वळणावर मात्र स्प्राइट सरस. स्पिटफायरची मागची चाकं स्प्रिंगच्या आडव्या पाट्यावर झुलतात. जोरात वळताना एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर मागचं चाक आत दुमडतं आणि गाडी फिरते. हेराल्डचीही हीच खोड. आपल्याकडची हेराल्ड बनवणाऱ्या मद्रासच्या कारखान्याने पुढे 'गॅझेल' काढली तेव्हा मागे सरळ अ‍ॅक्सल बसवला.

तरीही माझं मत स्पिटफायरला. स्प्राइटला वेगळी चेसिस नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार उचलतो. तळाचा पत्रा गंजला की गाडीचा कणाच जातो. स्पिटफायरची बॉडी बोल्ट सोडून उचलता येते, चेसिस वेल्डिंगने सांधता येते. तालुक्याच्या गॅरेजात जिचा जीव वाचू शकतो, ती गाडी मला मोठी वाटते.

स्पिटफायर आपल्याकडे मिळणं अवघड. पण हेराल्ड अजून कुणाच्या वाड्यात, गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी असेल. आपल्याकडची हेराल्ड १९६१ पासूनची, म्हणजे सुरुवातीच्या गाड्यांनी केव्हाच पन्नाशी ओलांडली आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार अशा गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होते. पहिली फी २० हजार रुपये. अट एकच मोठी: गाडी मूळ रूपात हवी. तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी, किंवा तिच्यात दुसरं इंजिन कोंबण्याआधी, कपाटातलं तिचं आरसी बुक शोधा.