कर वजनाचा की किमतीचा?

सोलापूरच्या बाजार समितीत कांदा आणणारी पिकअप आणि तोच कांदा परप्रांती नेणारा अवजड ट्रक यांच्या नव्या नोंदणीचे शुल्क केंद्रीय नियमांनुसार अनुक्रमे 1000 व 1500 रुपये आहे. फरक अवघा दीडपट. रस्त्याच्या झिजेचे गणित मात्र निराळे आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात झालेल्या चाचण्यांवरून असे दिसले की, रस्त्याची हानी आसावरील भाराच्या सुमारे चतुर्थ घाताने वाढते. पिकअपच्या मागील आसावर 2 टन व ट्रकच्या आसावर 10 टन भार धरला, तर हानी पाचपट नव्हे, सुमारे 625 पट ठरते! 2018 साली केंद्राने चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन केली. भार 13 टक्के वाढला, झिजेला 60 टक्क्यांहून अधिक वाव मिळाला.

अशा स्थितीत 2025-26च्या राज्य अर्थसंकल्पाने 7500 किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनांवर वजनाऐवजी किमतीच्या 7 टक्के एकरकमी कर सुचवावा, हे विपरीत होय. खजिन्याला ते सोयीचे, यात शंका नाही. जड वाहने डिझेलवरील करातून अधिक भरतात हेही खरे. परंतु डिझेलचा खप काही चतुर्थ घाताने वाढत नाही. 10 लाखांच्या पिकअपवर 70 हजार रुपये कर होतो. तिचा मालक बहुधा स्वतःच चालक असतो. ही रक्कमही त्याला कर्जातूनच उभी करावी लागणार आणि तिच्यावर व्याज भरावे लागणार. वजनाचे टप्पे मोडण्याऐवजी ते आसभाराशी जोडण्याचा मार्ग शासनाला तेव्हाही मोकळा होता, आजही आहे.